जुन्या तलवारींना झळाळी नको, नोंद हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

घटस्थापना झाली की सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी घरांमध्ये माळ्यावर, देवघरामागे किंवा ट्रंकेत कापडात गुंडाळून ठेवलेल्या तलवारी खाली निघतात आणि खंडेनवमीच्या आत त्या लखलखीत करण्याची घाई सुरू होते. हे पत्र शस्त्रपूजेच्या विरोधात नाही. ती परंपरा आमच्या घरीही आहे आणि ती राहावी असेच मला वाटते. माझी तक्रार पूजेआधीच्या साफसफाईविषयी आहे. काचकागद, भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू आणि अलीकडे फॅब्रिकेशनच्या दुकानातले बफिंगचे चाक यांनी घरोघरच्या जुन्या लष्करी तलवारींचे जे नुकसान केले आहे, ते मी बरीच वर्षे पाहत आलो आहे, आणि त्यातले बहुतेक नुकसान कधीच भरून न येणारे आहे. मी स्वतः अशा तलवारींचा संग्राहक आहे आणि कोणी दाखवायला आणली तर तिची अवस्था तपासून सांगतो. त्या अनुभवावरून आपल्या वाचकांना एकच विनंती करायची आहे: तलवारीला हात लावण्याआधी ती आज जशी आहे तशी नीट पाहा आणि जे दिसेल ते कागदावर लिहून ठेवा.

जुन्या पोलादावर काळाने एक गडद तपकिरी किंवा काळसर थर चढतो. तो गुळगुळीत असतो, घट्ट बसलेला असतो, बोट फिरवल्यावर हाताला काही लागत नाही, आणि खालच्या धातूला तो एका अर्थी सांभाळत असतो. याउलट नारिंगी रंगाचा, पूड सुटणारा, नखाला खरखरीत लागणारा गंज अजून पाते खात असतो. या दोहोंतला फरक ओळखणे ही अवस्था तपासण्याची पहिली पायरी आहे, आणि ती कोणालाही जमण्यासारखी आहे. पांढऱ्या सुती कापडावर शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब घेऊन पात्यावर हलके पुसावे. कापडावर नारिंगी डाग उमटला तर गंज जिवंत आहे, फिकट तपकिरी मळ आला तर काळजीचे कारण नाही. जिवंत गंजावरचा उपायही साधाच आहे. तेच तेल लावून काही दिवस थांबावे, मऊ झालेला गंज बांबूच्या चपट्या किमटीने अलगद सोडवावा, पुसावे, पुन्हा तेल लावावे. या कामाला आठवडे लागतात आणि शेवटी पाते चकाकत नाही. ते चकाकावे अशी अपेक्षाही नसावी, कारण गंजाने जिथे खड्डे पाडले आहेत तिथले पोलाद केव्हाच गेलेले असते, आणि ते खड्डे दिसेनासे करायचे म्हणजे आजूबाजूचे चांगले पोलाद घासून त्या खोलीपर्यंत खाली आणायचे.

बफिंगच्या चाकाखाली नेमके हेच घडते. पात्याच्या लांबीने जाणारी जी पन्हळ असते, तिच्या कडा मूळच्या तलवारीत रेखीव असतात. चाक फिरले की त्या गोलसर होतात. (ही पन्हळ रक्त वाहून जाण्यासाठी असते हा समज सर्वत्र आहे, पण तो खरा नाही. पात्याचे वजन कमी व्हावे आणि ताठपणा मात्र राहावा, यासाठी ती काढतात.) पन्हळीची खोली मुठीपाशी आणि मध्यावर ताडून पाहिली, तर त्या पात्याने आजवर किती घासाई सोसली आहे याचा अंदाज येतो. पात्याच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या विरुद्ध कडेवर, बारीक अक्षरांत कोरलेले कारागिराचे नाव, मुठीजवळचा ठसा, शस्त्रागाराच्या नोंदीसाठी ठिपक्याठिपक्यांनी उमटवलेला अंक या सगळ्या खुणा मिलिमीटरच्या अंशाएवढ्या खोल असतात आणि सर्वांत आधी त्याच जातात. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या शस्त्रांवर अशाच ठिपक्यांच्या नोंदी आहेत, आणि त्यांच्यामुळे १६८९ मध्ये आदोनीच्या किल्ल्यातून आलेली शस्त्रे कोणती हे आजही सांगता येते. त्या नोंदी कोणी उत्साहाने घासून काढल्या असत्या, तर ती शस्त्रे केवळ सुंदर वस्तू म्हणून उरली असती.

जौहरदार पोलादाच्या पात्यांचे दुःख आणखी मोठे आहे. दख्खनमध्ये, विशेषतः आजच्या तेलंगणातल्या कोनसमुद्रम परिसरात, मुशीत वितळवून केलेले उच्च कार्बनचे पोलाद इराणपर्यंत जात असे. या पोलादाच्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी दिसते ती वरून काढलेली नसते, धातूच्या घडणीतूनच ती येते. पाते खिडकीपाशी नेऊन तिरप्या उजेडात सावकाश फिरवले की मळकट थराखालूनही ती कुठेतरी डोकावते. बफिंगने पृष्ठभाग आरशासारखा होतो आणि नक्षी दिसेनाशी होते. मग ती परत आणण्यासाठी कोणीतरी घरीच आम्ल लावतो, ते नीट धुतले जात नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात पाते आतून खायला लागते. अशी नक्षी दिसण्याची थोडी जरी शंका आली, तरी त्या पात्याला जाणकार संवर्धकाशिवाय कोणीही हात लावू नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धनाची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. तिथून निदान योग्य सल्ला मिळू शकतो.

मुठीवरची कोफ्तगरी हीसुद्धा अशीच नाजूक गोष्ट आहे. पोलादावर सुईसारख्या हत्याराने आडव्या-उभ्या बारीक रेघा मारायच्या आणि त्या खडबडीत पृष्ठभागात सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवायची, असे हे काम असते. सोने झिजून गेले तरी भिंगाखाली त्या रेघांची जाळी दिसते, आणि कधीकाळी इथे वेलबुट्टी होती हे त्या जाळीवरून सिद्ध होते. मुठीवर काळे डाग दिसले की लोक ते मळ समजून घासतात, पण पुष्कळदा ती काळवंडलेली चांदी असते. उलट बाजूने, सोनेरी नक्षी अगदी भरगच्च आहे आणि भिंगाखाली एकही रेघ दिसत नाही, तर ते सोनेरी रंगाचे किंवा मुलाम्याचे नवे काम असण्याची शक्यता फार मोठी आहे.

मूठ सैल झाली म्हणून तिच्यात एम-सील किंवा अराल्डाइट भरणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की असे करू नका. आपल्याकडच्या तलवारींत पात्याचा निमुळता भाग मुठीच्या पोकळीत घालून लाखेच्या मिश्रणाने पक्का केलेला असतो. हे मिश्रण उष्णतेने मऊ होते, त्यामुळे जुन्या काळी पाते मोडले किंवा जास्त चांगले पाते मिळाले तर मूठ सोडवून पुन्हा बसवता येत असे. आजच्या चिकटद्रव्यांनी ती सोय कायमची बंद होते. याच कारणाने मूठ उकळत्या पाण्यात बुडवून स्वच्छ करणेही घातक आहे. सैल मूठ ही नोंदवण्यासारखी गोष्ट आहे, ती दुरुस्त झालीच पाहिजे असे नाही. भिंतीवर किंवा पेटीत आडव्या ठेवलेल्या तलवारीला सैल मुठीने काहीही होत नाही.

पाते एका काळातले, मूठ दुसऱ्या काळातली आणि म्यान तिसऱ्याच काळातले, असे आपल्या भागात सर्रास आढळते. याला दोष मानून तलवार बनावट ठरवणारे काही खरेदीदार मला भेटले आहेत, आणि त्यांचे मत मला मान्य नाही. मराठ्यांनी परदेशी पाती मोठ्या प्रमाणावर वापरली. फिरंगी तलवार म्हणजे युरोपातून आलेल्या सरळ, लांब पात्याला इथली मूठ, इथली परज (मुठीचा हाताला संरक्षण देणारा भाग). महाराष्ट्र शासनाने २९ एप्रिल २०२५ रोजी लंडनच्या लिलावात ४७.१५ लाख रुपयांना मिळवलेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत आणलेली नागपूरच्या रघूजी भोसले यांची तलवार याच प्रकारची आहे. तिचे पाते युरोपीय घडणीचे, मूठ आपल्या पद्धतीची सोन्याच्या कोफ्तगरीची, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत सेनासाहेब सुभा या पदासह रघूजींचे नाव. त्या पाठीवरून कोणी एकदा जरी बफिंगचे चाक फिरवले असते, तर ती तलवार कोणाची होती हे सांगणारा पुरावा उरला नसता. मात्र परदेशी ठसा दिसला की पाते परदेशीच, असेही धरून चालू नये. जिनोव्हा आणि झोलिंगेन इथल्या नामांकित खुणांच्या नकला त्या काळातही आपल्याकडचे कारागीर करीत होते. ठशाचे छायाचित्र काढावे, त्याची जागा आणि माप लिहावे, आणि निष्कर्ष जाणकारांवर सोपवावा.

आपल्या जिल्ह्याचा विचार करताना मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती इंग्रजी अमदानीतल्या लष्करी तलवारींची, कारण त्यांना कोणी वालीच नाही. आपशिंगे मिलिटरी या गावातून पहिल्या महायुद्धात ४६ जणांनी प्राण दिले, देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली, आणि मराठा पलटणींत पिढ्यान्पिढ्या गेलेली घराणी इथे तालुक्यातालुक्यांत आहेत. त्यांच्यापैकी काहींकडे पणजोबांची किंवा खापरपणजोबांची तलवार असते. ती शिवकालीन नाही हे कळले की तिची किंमत शून्य धरली जाते आणि ती भंगारात तरी जाते किंवा मुलांच्या हातात. वास्तविक पाहता हीच तलवार आपली माहिती सर्वांत स्पष्टपणे सांगते. १८९७ च्या नमुन्याची पायदळाच्या अधिकाऱ्याची तलवार घ्या. तिचे पाते सरळ, भोसकण्यासाठी घडवलेले आणि साडेबत्तीस इंच लांब असते, आणि परजेच्या पत्र्यात त्या वेळच्या राजाची किंवा राणीची आद्याक्षरे कोरून काढलेली असतात. व्ही. आर. (राणी व्हिक्टोरिया) असेल तर १९०१ पूर्वीची, ई. आर. व सात (सातवा एडवर्ड) असेल तर १९०१ ते १९१०, जी. आर. व पाच (पाचवा जॉर्ज) असेल तर १९१० ते १९३६, जी. आर. व सहा (सहावा जॉर्ज) असेल तर त्यानंतरची. अशोकस्तंभावरचे सिंह असतील तर ती प्रजासत्ताकाच्या काळातली. विल्किन्सन कंपनीने १८५४ च्या सुमारापासून आपल्या चांगल्या प्रतीच्या तलवारींवर मुठीलगत पात्याच्या पाठीवर क्रमांक घातले आणि ते नोंदवह्यांत उतरवले. त्यांतल्या बऱ्याच नोंदवह्या टिकून आहेत आणि क्रमांक वाचता आला तर तलवार कोणत्या वर्षी विकली गेली हे कळू शकते. मुठीजवळ पितळेची लहान गोल टिकली आणि तिच्याभोवती सहा टोकांचा तारा अशी खूण पुष्कळ इंग्रजी पात्यांवर असते. अनेकांना ते एखादे पूजेचे यंत्र वाटते आणि त्यावर वर्षानुवर्षे ओले कुंकू लावले जाते. पात्याची चाचणी झाल्याची ती खूण आहे, आणि नेमकी तीच जागा कुंकवाखाली गंजून गेलेली मी पाहिली आहे.

घोडदळाच्या तलवारींची गोष्ट थोडी निराळी आहे. १७९६ च्या इंग्रजी नमुन्याची रुंद, वाकडी पाती भारतात फार आवडली गेली आणि त्यांना सर्रास देशी मुठी बसवल्या गेल्या. पाठीवर गिल, ऑस्बर्न, वूली अशी बर्मिंगहॅमच्या कारखानदारांची नावे दिसली तर ते पाते या घराण्यातले समजावे. इंग्रजी फौजेतल्या हिंदुस्थानी घोडदळात पहिल्या महायुद्धानंतरच्या फेररचनेपर्यंत शिलेदारी पद्धत होती. स्वार आपला घोडा आणि सामान स्वतःच्या किंवा पलटणीच्या खर्चाने आणत असे, त्यामुळे त्या तलवारी सरकारी नमुन्यांशी तंतोतंत जुळतातच असे नाही. नमुन्याशी जुळत नाही म्हणून अशी तलवार खोटी ठरवण्याची घाई करू नये. १९०८ च्या घोडदळी तलवारीचा तर हिंदुस्थानी स्वारांसाठी वेगळा नमुनाच होता, आणि त्याची मूठ आखूड आहे.

धारेवरच्या खाचांविषयीही लिहिले पाहिजे. घरात सांगितल्या जाणाऱ्या कथेत प्रत्येक खाच लढाईतली असते. प्रत्यक्षात फांद्या तोडणे, नारळ फोडणे, दोन तलवारींनी मुलांनी खेळणे यांनीही खाचा पडतात, आणि त्या जागी कडा ताज्या, चमकदार व धारदार लागतात. जुनी खाच बाकीच्या पात्याच्याच रंगाची झालेली असते आणि तिच्या कडा बोटाला मऊ लागतात. मोहिमेवर निघण्यापूर्वी लावलेली धार हा अवस्थेतला दोष नाही. पात्याच्या टोकाकडच्या भागात सरळ, नीट लावलेली जुनी धार दिसली तर ती तलवार वापरासाठी सिद्ध केली होती असे समजायला आधार मिळतो, आणि ती पुसून नवी धार लावणे म्हणजे तो आधारच काढून घेणे. दोष कोणते म्हणाल, तर आडवी चीर, वाकवून पुन्हा सरळ केलेल्या पात्यावर राहणारा पीळ, मोडलेले टोक घासून केलेले नवे टोक, आणि वेल्डिंगचा जोड. टोक बदलले आहे का हे ओळखायला पन्हळ पाहावी. ती टोकापासून नेहमीच्या अंतरावर निमुळती होऊन संपायला हवी. ती टोकाला जाऊन भिडत असेल तर पाते आखूड केलेले असण्याचा संभव असतो.

आता बाजारात येणाऱ्या बनावट मालाविषयी. नव्या तलवारीला आम्लात किंवा मिठाच्या पाण्यात ठेवून गंज चढवतात आणि ती शिवकालीन म्हणून विकतात, आणि महाराजांवरच्या श्रद्धेपोटी साधी माणसे कर्ज काढून ती घेतात. मला याचा मनापासून संताप येतो. हातात घेताच ओळखता यावी अशी एक कसोटी सांगतो. हाताने घडवलेल्या पात्याची पाठ मुठीपाशी जाड असते आणि टोकाकडे क्रमाने बारीक होत जाते. मुठीपाशी सात-आठ मिलिमीटर असलेली जाडी टोकाजवळ दोन-तीनवर आलेली असणे अगदी स्वाभाविक आहे. पत्र्यातून कापलेल्या नकली पात्याची जाडी इथून तिथवर सारखीच असते, म्हणून ते हातात बोजड वाटते. गंजही बोलतो. खरा गंज कुठे खोल, कुठे उथळ, कुठे मुळीच नाही असा असतो, आणि जिथे शतकभर हात लागला ती मूठ गुळगुळीत झालेली असते. सगळीकडे एकसारखा पसरलेला, मुठीच्या आतल्या बाजूलाही तितकाच असलेला गंज संशयास्पद समजावा. पात्यावर ठसठशीत देवनागरीत महाराजांचे किंवा एखाद्या सरदाराचे नाव कोरलेले असेल, तर त्या अक्षरांच्या खोलगटात गंज आहे की नाही हे भिंगाने पाहावे. जुन्या, गंजलेल्या पृष्ठभागावर नव्याने कोरलेली अक्षरे आतून स्वच्छ असतात.

पूजा करताना तलवार कशी जपावी, हे मला अनेकांनी विचारले आहे. हळद-कुंकू, गंध, पंचामृत, नारळाचे पाणी आणि ओली फुले यांत पाणी, आम्ल आणि क्षार तिन्ही असतात, आणि ते पात्यावर रात्रभर राहिले की सकाळी डाग दिसतोच. आमच्याकडे आता तलवार कोरड्या कापडावर पाटावर ठेवतो, कुंकू पाटाला आणि म्यानाच्या धातूच्या टोपणाला बोटभर लावतो, झेंडूचा हार पाटाभोवती घालतो, आणि संध्याकाळी सगळे पुसून पात्याला शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात देतो. देवीला यात काही कमी पडते असे घरातल्या वडीलधाऱ्यांना वाटले नाही. खोबरेल किंवा तिळाचे तेल मात्र लावू नये. ते कालांतराने चिकट व आंबट होते, धूळ धरते आणि पात्याला त्रास देते. उघड्या हाताने पाते धरल्यास घामाचे ठसे पुढच्या काही महिन्यांत गंजाच्या रूपाने उमटतात, म्हणून सुती हातमोजे घालावेत किंवा कापडाने धरावे.

म्यान हे पात्याचे घर असले तरी पावसाळ्यात ते त्याचे शत्रू होते. चामडे आणि लाकूड ओल धरून ठेवतात आणि जुन्या चामड्यातली रसायने पोलादाला बाधतात. साताऱ्यापासून महाबळेश्वरकडे जसजसे वर जावे तसा हा त्रास वाढतो. जूनपूर्वीच तलवार म्यानातून काढून, मेण किंवा तेलाचा पातळ थर देऊन, कोरड्या सुती कापडात आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह वेगळी ठेवावी, आणि म्यान तिच्या शेजारी ठेवावे. मखमल जीर्ण झाली म्हणून नवी चढवायची असेल तर जुनी टाकून देऊ नये. शेजारच्या सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत घरेच्या घरे पाण्याखाली गेली, तिथल्या काही कुटुंबांच्या तलवारी मी नंतर पाहिल्या. ज्यांनी पाणी ओसरताच तलवार म्यानातून ओढून काढली, स्वच्छ पाण्याने गाळ धुतला, सावलीत पंख्याखाली वाळवली आणि तेल लावले, त्यांची पाती वाचली. ज्यांनी म्यानासकट उन्हात ठेवली, त्यांची पाती म्यानातच धरली गेली आणि चामडे कडक होऊन तडकले. फुगलेल्या म्यानात अडकलेले पाते जोर लावून कधीही ओढू नये. आधी म्यान छायेत सावकाश वाळू द्यावे.

कायद्याविषयी थोडक्यात. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रे नियमनाच्या कक्षेत येतात, तेव्हा खरेदी, विक्री किंवा वाहतूक करण्यापूर्वी पोलीस ठाण्यात अथवा जिल्हाधिकारी कार्यालयात आपल्या भागात काय लागू आहे हे विचारून घ्यावे, आणि वारसाने आलेल्या तलवारीचे जे काही कागद असतील ते तिच्यासोबत ठेवावेत. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते. ती परदेशी पाठवता येत नाही, आणि अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो. वाढदिवसाला तलवारीने केक कापण्याचा आणि मिरवणुकीत ती नाचवण्याचा जो प्रकार वाढला आहे, त्यावर पोलीस कारवाई करतात ते योग्यच आहे. ज्याच्या घरात खरी तलवार आहे त्याने तर तिला अशा ठिकाणी नेऊच नये.

कागदांचे महत्त्व किती असते याचे उदाहरण साताऱ्याने नुकतेच पाहिले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे जुलै २०२४ मध्ये येथील छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात ठेवली गेली. ती १८१८ नंतर साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीचे प्रतिनिधी, असलेल्या ग्रँट डफ यांच्या घराण्यातून आली असे पेटीवरच्या मजकुरातून कळते, आणि महाराजांनी वापरलेली वाघनखे हीच, हे सिद्ध करता येत नाही असे त्या संग्रहालयाने स्वतः लिहून ठेवले आहे. माहीत आहे तेवढेच लिहिण्याची ही शिस्त आपण घरच्या तलवारींनाही लावली पाहिजे. नोंद नसली की काय होते ते तंजावरला झाले. तिथले अखेरचे मराठा राजे १८५५ मध्ये वारल्यानंतर काही वर्षांतच त्या शस्त्रागारातली बरीचशी शस्त्रे मोडून भंगाराच्या भावाने विकली गेली. जे थोडे वाचले ते आज चेन्नईच्या संग्रहालयात पाहायला मिळते. आपल्या घराघरांतून तीच गोष्ट एकेका तलवारीच्या रूपाने, कोणाच्याही लक्षात न येता घडते आहे.

यासाठी आपल्या दैनिकामार्फत एक मागणी करतो. साताऱ्याचे छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय, औंधचे श्री भवानी संग्रहालय आणि जिल्हा प्रशासन यांनी मिळून दरवर्षी नवरात्राच्या निदान महिनाभर आधी शस्त्रनोंदणीचा एक दिवस ठेवावा. तलवारी घेऊन येण्यात कायद्याची अडचण असेल तर लोकांनी छायाचित्रे आणावीत: पूर्ण लांबीची दोन्ही बाजूंनी, मुठीची, परजेची, पात्याच्या पाठीची, प्रत्येक ठशाची आणि टोकाची, शेजारी मोजपट्टी ठेवून, खिडकीच्या उजेडात काढलेली. नोंदीचा कागद एका पानाचा पुरेल. त्यावर पात्याची सरळ रेषेतली लांबी, मुठीपाशी, मध्यावर आणि टोकाजवळ घेतलेली रुंदी व जाडी, वजन, गंज कुठे आणि कोणत्या प्रकारचा, खाचा कुठे, मूठ घट्ट की सैल, सोन्या-चांदीचे काम कितपत शिल्लक, म्यान आहे की नाही, पूर्वी कोणी काय साफसफाई किंवा दुरुस्ती केली, आणि ही तलवार घरात कोणाकडून व केव्हा आली याविषयी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाने सांगितलेला मजकूर त्याच्याच शब्दांत, एवढे असावे. उत्तम, चांगली, बरी अशी विशेषणे त्यात नसावीत. विक्रेत्याची उत्तम आणि संवर्धकाची उत्तम यांत फार अंतर असते, आणि मापे मात्र दोघांसाठी सारखीच राहतात. कुटुंबांची नावे व पत्ते गोपनीय ठेवावेत, नाहीतर चोरीच्या भीतीने कोणी पुढे येणार नाही.

असा दिवस ठरला तर तपासणीच्या कामात मी विनामूल्य मदत करीन, आणि जिल्ह्यातले आणखी काही संग्राहकही येतील अशी मला खात्री आहे. यंदाच्या दसऱ्यापर्यंत हे जमले नाही तरी वाचकांनी आपापल्या घरी वरच्या तपशिलांचा कागद भरून तो तलवारीच्या पेटीत ठेवावा, आणि तोपर्यंत काचकागद बाजूला ठेवावा.

आपला,
एक शस्त्रसंग्राहक वाचक, सातारा